शेटरची राखण

“हे राखण करील? राव, हे तर माझंच पाय चाटतंय.” भगवंतने पाय मागे घेतला आणि खळ्यावरची माणसं हसली.

इब्राहिमने दोरी ओढली. कुत्रा भगवंतच्या पायाशी उताणा पडून पोट दाखवत होता. तांबडे लांब केस, खांद्यापर्यंत लोंबणारे कान, वय जेमतेम दीड वर्ष.

“जातीचा हाय, पाटील. साहेबाचा हाय.”

“असंल. पण चोर आला तर हे त्याला दार उघडून देईल. भुंकायला शिकव, मग आण. नेतो मी.”

इब्राहिम पिंपळवंडीहून जुन्नरला चालत परतला. हे पाचवं घर होतं. पाचही ठिकाणी कुत्रा सगळ्यांना आवडला होता आणि कुणालाच नको होता.

कुत्र्याच्या मालकाची, एका गोऱ्या साहेबाची, मार्चमध्ये बदली झाली होती. हाताने कागद बनवून कचेरीला पुरवणारा इब्राहिम त्या दिवशी बंगल्यावर हजर होता, आणि कुत्रा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बसला होता. साहेबाने तेवढं पाहिलं. “चांगलं घर बघून दे,” म्हणाला आणि टांग्यात बसला. कुत्रा सेटर जातीचा, असंही त्याने सांगितलं होतं. इब्राहिमला ते नावच वाटलं. तेव्हापासून तो शेटर.

स्वतःच्या घरात ठेवणं शक्य नव्हतं. बायको ताजबी त्याला रोज भाकरी घाली, पण उंबऱ्याबाहेर. ती नमाज पढायची ती जागा कुत्र्याने शिवलेली तिला चालत नव्हती. त्याहून मोठी अडचण धंद्याची होती. पाऊस संपला की ओले कागद अंगणातल्या भिंतींना चिकटवून वाळवायचे. शेटर येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर आनंदाने उड्या मारी. उन्हाळ्यात त्याने एका दिवसात चाळीस कागदांवर पंजे उमटवले होते.

“कागद लावायच्या आत त्याची सोय करा,” ताजबी म्हणाली. “न्हाईतर सोडून द्यावं लागंल त्याला रस्त्यावर. मला ते बघवणार न्हाई.”

भाद्रपद लागला होता. हातात महिना होता.

इब्राहिमने शेजारच्या वलीला बोलावलं. वलीने डोक्यावरून घोंगडी घ्यायची, हातात काठी घ्यायची आणि चोरासारखं दारातून आत यायचं. पहिले चार दिवस शेटरने त्याला घोंगडीमुळे पाहून ओळखलं नाही तरी वासावरून ओळखलं आणि शेपटी हलवली. पाचव्या दिवशी वलीने काठी मारली. कुत्रा किंचाळला, कोपऱ्यात गेला आणि तिथून हळूच पुन्हा वलीकडे सरपटत आला.

“माझ्याच्यानं न्हाई व्हणार,” वली म्हणाला. “काल माझ्या मांडीवर झोपलं व्हतं रे हे.”

“घर मिळायला पायजे का नको त्याला?”

वलीने पुन्हा मारलं.

नवव्या दिवशी शेटर गुरगुरला. इब्राहिम धावत गेला, कोनाड्यातल्या डब्यातून सुक्या मटणाचा तुकडा काढला आणि त्याला भरवला. डोकं कुरवाळलं. “शाब्बास, शेटर, शाब्बास.” त्यानंतर काठीची गरज पडली नाही. घोंगडी दारात दिसली की शेटर दात दाखवी, भुंके, आणि तुकडा मिळवी. पंधरवड्यात तो दारात आलेल्या कुठल्याही अनोळखी माणसावर धावू लागला. इब्राहिमने भगवंतला निरोप धाडला. रविवारी बाजाराला येतो तेव्हा घेऊन जातो, असं उत्तर आलं.

शनिवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर घोंगडी, हातात काठी. शेटर उठला आणि भुंकला. इब्राहिमने त्याची दोरी धरली.

“मी कुशाबाई. तळेघरची,” ती म्हणाली. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरले होते. “काल सकाळी निघाले. घोडेगावच्या बाजारात पिंपळवंडीचं एक पाटील भेटलं व्हतं. लई हसत व्हतं. म्हनलं, जुन्नरात कागदवाल्याकडं एक येडं कुत्रं हाय, कुनाच्या बी मांडीवर डोकं ठिवतं. ते पायजे मला.”

“कशाला?” इब्राहिमने विचारलं.

“आमचं मालक, हौशीराम. डोळं गेलं त्यांचं औंदा. मी भातात जाते, ते दिसभर एकलंच. कालपरवापर्यंत बोलायचं, आता त्येबी सोडलंय. राखण नगं मला, भाऊ. चोरायला हाय काय आमच्यात? नुसतं बसंल त्यांच्यापाशी, आसं कुत्रं पायजे.”

तिने फडक्यातून नाचणीच्या भाकरीचा तुकडा काढला आणि हात पुढे केला. शेटर पुढे झाला. त्याची शेपटी एकदा हलली. मग त्याने घोंगडीकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मान वळवून इब्राहिमकडे पाहिलं, आणि दात विचकून तो तिच्या हातावर झेपावला.

दोरी ताणली गेली. कुशाबाईने हात मागे घेतला. भाकरी खाली पडली.

“ह्ये न्हाई ते,” ती म्हणाली. “दुसरं असंल.”

“हेच ते, बाई.” इब्राहिमने दोरी आखडून धरली. “चावत नव्हतं. खरंच नव्हतं.”

तिने कुत्र्याकडे नीट पाहिलं. मग हातातल्या काठीवर भार देऊन वळली.

“आंधळ्याला कळायचं न्हाई ओ, कवा चावंल ते,” ती म्हणाली आणि आल्या वाटेने निघाली. शेटर ती वळणाआड होईपर्यंत भुंकत राहिला.

मग तो गप्प झाला. इब्राहिमपाशी आला, त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि शेपटी हलवत कोनाड्यातल्या डब्याकडे बघत राहिला.