पिवळ्या पाटीपाशी

बाई तिसऱ्या दिवशीही आली, आणि जयप्रकाशच्या हातातला कंट्रोलर सुटता सुटता राहिला.

"आल्या बघा काका, तुमच्या फॅन," विश्वजित म्हणाला. प्रदर्शन भरवणाऱ्या क्लबाचा तो सेक्रेटरी, तोंडाचा फटकळ.

"गप रे. तिकडे बोगद्यात डबा अडकलाय, तो बघ आधी."

नेरूळच्या त्या हॉलात चार दिवस छोट्या रेल्वेचं प्रदर्शन होतं. शंभर फुटांचा रूळ, घाट, पूल, वाफेची इंजिनं, काय नव्हतं तिथे! पोरं हरखून जायची आणि त्यांचे बाप त्यांच्याहून जास्त. कोपऱ्यातला नेरूळचा तुकडा मात्र जयप्रकाशनं एकट्यानं बनवला होता. स्पंजाची तिवरं, काचेची खाडी आणि रुळाच्या कडेला नखाएवढी पिवळी पाटी. ती पाटी दिसली की मोटरमननं भोंगा द्यायचा, असा नियम. जयप्रकाश तीस वर्षं मोटरमन होता. या खेळातल्या गाडीलाही तो भोंगा दिल्याशिवाय पाटी ओलांडू देत नसे. दर फेरीला. लोक हसायचे. हसेनात का.

ही बाई मात्र हसत नव्हती. पहिल्या रांगेतली खुर्ची धरायची, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसायची, आणि भोंगा वाजला की डोळे मिटायची. जेवायची वेळ टळून गेली तरी डबा काही उघडायची नाही.

जयप्रकाशनं तिला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. कसं नाही ओळखणार? सहा वर्षांपूर्वी चौकशीच्या खोलीत ती त्याच्या समोर बसली होती. नेरूळजवळच्या सारसोळ्याची शेवंताबाई. रुळापाशी सुकी मासळी घेऊन बसायची. तिचा कुंदन, बावीस वर्षांचा, सकाळी कामावर निघाला होता. तो रूळ ओलांडत होता आणि गाडी जयप्रकाशची होती.

"मी वीस पावलांवर व्हते," ती तेव्हा म्हणाली होती. "माजं कान शाबूत हायत. भोंगा वाजला नाय."

चौकशीतून तो सुटला. पुरावा नाही म्हणाले. पण सुटला म्हणजे काय? पोटचा गोळा गेलेली आई खोटं कशाला बोलेल? सुरुवातीला तो छातीठोकपणे सांगायचा, मी भोंगा दिला. पुढे 'दिला असणार' म्हणायला लागला. मग बोलणंच सोडलं आणि वर्षभरात नोकरीही. जेवता जेवता त्याचा हात मध्येच नसलेल्या भोंग्याकडे जायचा, आणि बायको ताट पुढे सरकवायची.

तिनं आपल्याला ओळखलं नसेल, अशी तो स्वतःची समजूत घालत होता. मिशा गेल्या होत्या, टक्कल पडलं होतं. पण त्या विश्वजितनं, मेल्यानं, हॉलच्या दाराशी पेपरातली बातमी चिकटवली होती. 'निवृत्त मोटरमनची छोटी गाडी.' वर हा भला मोठा फोटो!

आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, जयप्रकाशनं ठरवलं. पाय धरायचे. शिव्या घातल्या तर खायच्या, चारचौघांत मारलं तरी चालेल. असं कुढत जगण्यापेक्षा ते बरं.

दुपारी गर्दी पांगली. पाण्याची बाटली घेऊन तो तिच्यापाशी गेला.

"मावशी, पाणी घ्या. डबा पण खाऊन घ्या, इथे चालतं."

तिनं डब्यावर हात ठेवला. "खायाचा नाय त्यो."

"गाडी आवडली का?"

"गाडी कोन बगतंय? मी भोंगा आयकाला येते."

तिच्यासाठी आणलेल्या बाटलीतलं पाणी जयप्रकाशच घोटभर प्यायला.

"पाटी आली का वाजवताच तुमी?" तिनं विचारलं.

"हो."

"कदी चुकत नाय?"

तो तिच्या खुर्चीपुढे खालीच बसला. "चुकलो, मावशी. एकदा चुकलो. मी जयप्रकाश. तुमच्या कुंदनच्या वेळी गाडीवर..."

"ठावं हाय. दारावर फोटू हाय तुमचा. त्यो बगूनच आत आले."

"माफ करा म्हणायला पण तोंड नाही मला. एक बटण दाबायचं होतं, मावशी. तेवढंही झालं नाही माझ्या हातून." तो ढसाढसा रडला. पलीकडे विश्वजित हातातला रूळ तसाच धरून बघत राहिला.



"उठा," शेवंताबाई म्हणाली. "येक डाव गाडी चालवा. माज्यासाठी."

जयप्रकाशनं डोळे पुसले आणि कंट्रोलर उचलला. गाडी घाटातून उतरली, बोगद्यातून बाहेर आली, काचेच्या खाडीवरून खडखडत नेरूळकडे वळली. पाटी आली. त्यानं भोंगा दिला.

या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत. ती उठली, जवळ आली आणि तो डबा तिनं रुळाच्या कडेला, पिवळ्या पाटीपाशी ठेवला.

"असाच वाजला व्हता, साहेब," ती म्हणाली. "मी आयकला. कुंदननी पन आयकला, बाजूला व्हायाला लागला व्हता त्यो... आन् मीच मागून वरडले, 'कुंदन, डबा ऱ्हायला!'"