पोटाच्या सोनोग्राफीचा भाव

“पोटाची सोनोग्राफी कितीले हाय?” रेणुकाने काउंटरवर हात टेकून विचारले.

“बाराशे.” पलीकडच्या मुलीने मानही वर केली नाही.

“बाराशे? चला आत्याबाई, दुसरीकडं पाहू.”

सासूचा, पुष्पाबाईंचा चेहराच उतरला. तीन आठवड्यांपासून त्यांचे पोट दुखत होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या डोणगावहून उपाशीपोटी मेहकरला आल्या होत्या आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या लिटरभर पाणी प्यायल्या होत्या. तपासणी होईपर्यंत लघवीला जायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. आता ओटीपोट तटतटून आले होते. मांड्या आवळून त्या एकेक पाऊल टाकत होत्या आणि सूनबाई पुढे ताडताड चालल्या होत्या. दगडालाही पाझर फुटला असता, हिला काही फुटेना.

दुसऱ्या ठिकाणी हजार सांगितले. रेणुका तिथे उगाच पाच मिनिटे हुज्जत घालत बसली. तिसरे सेंटर पार रस्त्याच्या टोकाला. तिथे आठशे. पुष्पाबाई सुटकेचा श्वास टाकून बाकावर टेकल्या.

रेणुका भिंतीवरची पाटी वाचत उभी राहिली. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.’ हीच पाटी आधीच्या दोन्ही ठिकाणी होती आणि तिथेही ती अशीच थांबली होती.

“इथं नको,” ती वळून म्हणाली. “मशीन जुनी दिसून राह्यली. पहिल्याच ठिकाणी जाऊ.”

“माहा जीव जाऊन राह्यला अन् तू भाजीबाजार करून राह्यली!” पुष्पाबाई ओरडल्या. “माह्या पोरानं देल्ले ना पैसे? तुह्या बापाचे हायेत का?”

“काय वं माय, म्हाताऱ्या माणसाचे हाल!” बाकावरची एक बाई पुटपुटली. सगळ्यांच्या नजरा रेणुकाला टोचत होत्या. ती सरळ दाराबाहेर पडली.

पहिल्या सेंटरवर परत येताच तिने मुकाट्याने बाराशे रुपये मोजले. पुष्पाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. भिंतीचा आधार घेत त्या कशाबशा म्हणाल्या, “बाराशेच द्याचे व्हते त मंग मले येवढं फिरवलं काऊन?”

रेणुकाने पावतीची घडी घातली आणि दिवसभरात पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यांत पाहिले.

“सात वर्षांआधी मलेही असंच पाणी पाजून एका बंद खोलीत नेलं व्हतं तुम्ही, आत्याबाई. पोटात पोरगं हाय का पोरगी, तेवढंच पाहाले. पोरगी निघाली, अन् माहं पोट रिकामं करून घरी आणलं. त्या दिशी पंधरा हजार मांगितले त्यायनं. तुम्ही भाव नव्हता केला.”