नव्या सिस्टीमवरची ओवी

त्र्याण्णव साली सेलूच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली आणि मराठी अक्षरंच उमटेनाशी झाली.

"दुपारपर्यंत जमलं तर ठीक, न्हाईतर तुझ्या खुर्चीवर पुण्याचा ऑपरेटर," मालक दिनकरराव केशरला म्हणाले.

तिनं मराठी अक्षरांच्या हरवलेल्या फायली जुन्या फ्लॉपीवरून एकेक शोधून बसवल्या. मग चाचणीला फक्त स्वतःचं नाव टाइप केलं. प्रिंटरनं आख्खी ओवी छापली:

लेक माझी केशर, मुक्या यंत्राला बोलवी
बाई, तिच्या बोटांनी, छापखान्यात दिवा लावी

"लय हुशार हाईस. पुण्याचा कशाला?" मालक हसले.

भाकरी घेऊन आलेल्या आईला केशरनं ती ओवी वाचून दाखवली. आईची मान ताठ झाली.

"माझीच हाय. पन कुणाला म्हणली न्हाई अजून. मनातच जुळवायलेय."

आईनं मनातच पुढची ओळ जुळवायला घेतली. प्रिंटर करकरू लागला.