लिस्बनमधलं जेवण

सात महिन्यांच्या खेमाला घेऊन धम्मशीला आणि सुगत साउथहॅम्प्टनहून तीन दिवसांसाठी लिस्बनला आले होते. खेमाला दात येत होते. ती आईच्या कडेवरून उतरत नव्हती, बाबांकडेही जात नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एका छोट्या खानावळीत मासळीचं सूप समोर आलं आणि नेमकं तेव्हाच तिनं भोकाड पसरलं.

"तू खाऊन घे," धम्मशीला सुगतला म्हणाली. "ही झोपली की मी खाईन, गार झालेलं. रोजचंच आहे."

खानावळीची म्हातारी मालकीण हात पुसत आली. पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलत तिनं खेमाला अलगद घेतलं, खांद्यावर टाकलं आणि दाराशी जाऊन गुणगुणायला लागली. खेमा चक्क गप्प झाली. म्हातारीनं वळून धम्मशीलाला हातानंच खूण केली, तू जेव.

धम्मशीलानं पहिला चमचा तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले.

"काय झालं? तिखट आहे का?" सुगतनं घाबरून विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "गरम आहे."