मोजता येईल असं

सिस्टर लोकांच्या प्रशिक्षणाचा विषय वरूनच ठरून आला होता: कामाचा थकवा वेळीच ओळखणे. त्याची उद्दिष्टं लिहून द्यायचं काम अकिला सिस्टरांच्या गळ्यात पडलं. "‘समजून घेतील’, ‘जाणीव होईल’ असलं काही चालणार नाही," मेट्रननं बजावलं होतं. "मोजता येईल असंच लिहा."

सलग दोन ड्युट्या करून अकिला सिस्टर भर दुपारी युनिफॉर्मवरच कोरेगावच्या स्टँडवर आल्या. बाकावरच्या म्हातारीनं कुठं जायचं विचारलं. "वडूजला," एवढं बोलून त्या गुडघ्यावर उद्दिष्टांचा फॉर्म ठेवून लिहायला लागल्या.

‘प्रशिक्षणानंतर प्रत्येक परिचारिका थकव्याची पाच लक्षणे सांगू शकेल.’

लक्षणांसाठी पुस्तक उघडावं लागलं नाही. जेवणाला चव लागत नाही. पेशंटचं नाव आठवत नाही, खाटेचा नंबर आठवतो. घरात पाऊल टाकलं की आधी पोरांवर ओरडणं होतं. बसलं तरी पोटऱ्या ठणकतात. रडू यायला हवं तिथंही येत नाही.

"आवं सिस्टर!" म्हातारी दंडाला धरून हलवत होती. "वडूजच्या दोन गाड्या गेल्या की तुमच्या म्होरनं. मी हाका मारल्या, तर तुमी नुसतं व्हय व्हय म्हनलासा."

अकिला सिस्टरांनी रिकाम्या फलाटाकडं एकदा बघितलं.



मग फॉर्मवरचं ‘पाच’ खोडून ‘सहा’ केलं.