वायरचा हिसका

लग्नसमारंभात मी फोटो काढायचे आणि धाकटी बहीण फ्लॅशची बॅटरी खांद्याला लटकवून माझ्यामागे चालायची. तिच्या बॅटरीची वायर माझ्या कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला जोडलेली असायची. मी मागे सरकत स्टेजच्या काठाशी पोचले, की ती वायरला हिसका द्यायची. “ताई, कपाळमोक्ष होईल!” त्या भरवशावर मी कधी मागे वळून बघितलंच नाही. आज तीच नवरी होती. “बॅटरी कुणाकडे तरी दे,” ती सकाळीच म्हणाली. “उद्यापासून एकटीलाच निभावायचंय, आजच सवय होऊ दे,” म्हणत मी बॅटरी स्वतःच्या कमरेला बांधली. स्टेजवर दोन्हीकडची माणसं फ्रेममध्ये मावेनात, म्हणून मागे सरकले. आणखी थोडी. हिसका काही आला नाही. पडता पडता बटण दाबलं गेलं. फोटो तिरका आलाय. त्यात सगळे हसताहेत. एकट्या नवरीची मूठ जीव खाऊन नसलेली वायर ओढतेय.