टिनावरचा पाऊस

"तुह्या बाबाचं फोनवरचं बोलणं खरं मानत जाऊ नोको वं. तापानं फणफणला तरी मजेत आहो म्हणते तो," असं माहेरच्या शेजारच्या आशाकाकूंनी प्रणालीला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं.

तिकडे तेल्हाऱ्याजवळच्या गावात तिचे बाबा, नत्थुजी, एकटेच. इकडे अमरावतीत ती आणि तान्ही लेक. पावसाने सगळीकडे दडी मारलेली, बाबा मात्र रोज फोनवर सांगायचे, "आपल्या इकडे चांगला येऊन राहिला. ऐकव माह्या नातीले!" मग टिनावर सरी तडतडायच्या. लेक ऐकता ऐकता झोपून जायची आणि प्रणालीचा जीव माहेरच्या ओल्या ओसरीत जाऊन बसायचा.

काल दुपारी तिच्याकडून चुकून व्हिडिओ कॉल लागला. बाबांनी नेहमीचाच साधा कॉल समजून उचलला आणि फोन खाटेला टेकवून ठेवला. अंगणात रखरखीत ऊन होतं. बाबा सुपातलं सोयाबीन हळूहळू टिनाच्या पत्र्यावर सोडत होते. पाऊसच नसल्याने पेरणीसाठी राखलेलं हे बियाणं अजून घरातच होतं.

"येऊन राहिला का आवाज?" बाबांनी विचारलं.

"येते ना, बाबा," ती कसंबसं म्हणाली. "आज तर लय जोर आहे."

लस दिल्यामुळे बाळ तापलंय, तिला लगेच निघता येत नाही. तुमच्यापैकी कोणी तेल्हाऱ्याकडे जाणार असेल, तर नत्थुजींच्या घरी जरा डोकावून या. पावसाचं काही विचारू नका. ते जेवले का, तेवढं बघा.